हॉइस्ट दोनशे किलोचा, पण पेलणार कोण? धायरीतल्या एका घरगुती वर्कशॉपचं प्रकरण

पुण्यात धायरीतल्या एका रो-हाउसच्या पार्किंगमध्ये माझ्या काकांचं वर्कशॉप आहे. जागा बारा फूट बाय अठरा फूट, पुढे रोलिंग शटर, खाली शहाबादी फरशी, वर साडेनऊ फुटांवर पाच इंची स्लॅब. आत एक साडेचार फुटी लेथ, एक छोटं मिलिंग मशीन, बेंच ग्राइंडर आणि जुन्या बाजारातून बुधवार-रविवार करत जमवलेली टूल्स. काकांचं आयुष्य भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. आता ते पंपांचे शाफ्ट, जुन्या स्कूटरची इंजिनं, ओळखीच्यांचे गिअरबॉक्स अशी कामं हौसेनं करतात, आणि ती चोख करतात.

अडचण उचलण्याची होती. लेथवर काम पकडणारा फोर-जॉ चक पंचवीस किलोचा, मिलिंगचा व्हाइस तीसच्या पुढे, डिव्हायडिंग हेड पन्नासच्या आसपास. सगळ्यात जड वस्तू म्हणजे ६०० बाय ६०० मिलिमीटरची, १०० जाडीची ग्रॅनाइट सरफेस प्लेट, म्हणजे मापं घ्यायची अचूक सपाट शिळा. तिचं वजन शंभर-एकशे दहा किलो भरतं. डॉक्टरांनी वाकून वजन उचलायला सक्त मनाई केली होती आणि काकूंनी ती मनाई मनावर घेतली होती. तेव्हा काकांनी एक छोटा इलेक्ट्रिक हॉइस्ट, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत वजन उचलणारं यंत्र, ठरवला आणि मला फोन केला, कारण मी बांधकामाच्या स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये काम करते. म्हणाले, "अगं, मशीन ठरलंय. फक्त टांगायचं कुठे तेवढं सांग."

या "फक्त"मध्येच सगळं प्रकरण होतं. खोक्यातून येणाऱ्या हॉइस्टवर एक आकडा छापलेला असतो आणि बहुतेकांना ती आपल्या वर्कशॉपची क्षमता वाटते. तो आकडा त्या यंत्रापुरता असतो. हुकावरचं वजन दोरातून ड्रमवर, तिथून गर्डरवर, म्हणजे वरच्या आडव्या तुळईवर, गर्डरवरून खांबावर आणि खांबातून जमिनीत जातं. या वाटेवरचा सगळ्यात कमजोर दुवा जेवढं पेलेल, तेवढीच खरी क्षमता.

आधी त्या आकड्याबद्दल. काकांनी निवडलेला हॉइस्ट बाजारात सर्रास मिळतो त्या घाटाचा: सिंगल फेज २३० व्होल्ट, ९८० वॅट, स्वतःचं वजन सोळा किलो, नेमप्लेटवर २००/४०० किलो, वेग मिनिटाला ८/४ मीटर, उचलण्याची उंची १२/६ मीटर. यातला पहिला आकडा एकेरी दोराचा. सोबत मिळणारी हुकाची कप्पी लावून दोर दुहेरी केला आणि त्याचं टोक हॉइस्टच्या बॉडीला अडकवलं, की दुसरा आकडा लागू होतो. वजन दुप्पट, पण वेग निम्मा आणि उंचीही निम्मी. दुकानदार मोठा आकडा सांगून विकतो, आणि घेणारा एकेरी दोरावरच चारशे किलो लावायला निघतो. मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण या हॉइस्टच्या बाबतीत सगळ्यात धोकादायक गैरसमज हाच आहे.

काकांना एकशे दहा किलोच्या वर काही उचलायचं नव्हतं. म्हणजे एकेरी दोर पुरेसा. तरीही मी सांगाडा चारशेसाठी धरला. आज काका वापरतात, उद्या त्यांचा मुलगा किंवा कुणी मित्र कप्पी लावून चारशे टांगेल. नेमप्लेट त्याला तशी परवानगी देते. सांगाड्याने तिथे दगा देता कामा नये.

फॅब्रिकेटरचा पहिला सल्ला होता स्लॅबला चार अँकर फास्टनर, म्हणजे ड्रिल केलेल्या भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, मारून प्लेट लावायची. "ताई, स्लॅब दणकट आहे, आत्ताच्या काळातला आहे," असं त्यांचं म्हणणं. स्लॅब चांगला होता यात शंका नाही. पण घराचा स्लॅब वरून पसरून येणाऱ्या भारासाठी असतो. भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी तो दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो धरतात. हे ऐकून पुष्कळ जण म्हणतात, मग दोनशे किलो टांगले तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. स्लॅबच्या मधल्या भागात खालची बाजू ताणाखाली असते आणि तिथे केसासारख्या बारीक भेगा असणं स्वाभाविक आहे. अँकर नेमका त्या भेगाळलेल्या काँक्रीटला धरतो, आणि ओढ सरळ खाली, तो उपटण्याच्याच दिशेने. त्यात पाच इंची स्लॅबमध्ये तळापासून इंचभरावर सळ्या असतात. ड्रिल सळीवर गेलं की भोक अर्धवट राहतं, नाहीतर सळी कापली जाते. शिवाय हॉइस्टचं वजन शांत नसतं. बटण दाबलं, सोडलं की प्रत्येक वेळी झटका बसतो. पंख्याच्या हुकाबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरा सल्ला जास्त मोहक होता, कारण या हॉइस्टसोबत पाइपला बसणारे यू-क्लॅम्पच येतात. दोन भिंतींच्या मध्ये दोन इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) पाइप टाकायचा आणि त्याला हॉइस्ट कसायचा. इथे मी कागद काढला. दोन आधारांमधलं अंतर ३ मीटर. वजन दोनशे, हॉइस्टचे सोळा, झटक्यासाठी वर पंचवीस टक्के, म्हणजे २७० किलो. मध्यभागी येणारा आघूर्ण, म्हणजे पाइप वाकवणारा जोर, जवळपास २ किलोन्यूटन-मीटर. दोन इंची पाइपचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे वाकण्याला विरोध करण्याचं आकाराचं माप, साधारण ८.६ घन सेंटिमीटर. भागाकार केला की ताण येतो २३० मेगापास्कलच्या आसपास, आणि असा पाइप साधारण २४० ला कायमचा वाकायला लागतो. हे दोनशे किलोला. चारशेला हिशेब साडेचारशेपर्यंत जातो, म्हणजे पाइप केव्हाच वाकलेला असेल. झटका सोडून नुसतं दोनशे किलो शांत टांगलं तरी पाइप मध्यभागी सुमारे २३ मिलिमीटर खाली बसतो. काकांनी टूलरूममध्ये आयुष्यभर शतांश मिलिमीटर मोजलेले. तेवीस मिलिमीटर ऐकल्यावर पाइपचा विषय त्यांनीच बंद केला.

भिंतीला फिरता हात लावायचा, म्हणजे छोटी जिब क्रेन करायची, असाही विचार झाला. दीड मीटरच्या हाताच्या टोकाला दोनशे किलो म्हणजे भिंतीवर तीनशे किलो-मीटरचा आघूर्ण. वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटमध्ये सव्वा मीटर अंतर ठेवलं तरी वरचा ब्रॅकेट अडीचशे किलोच्या आसपास जोराने भिंतीतून बाहेर ओढला जाणार. काकांकडे ती भिंत विटांची, आरसीसी कॉलम कोपऱ्यात. सोडून दिलं.

उरला तो स्वतंत्र सांगाडा: दोन खांब, वर एक गर्डर, आणि सगळं वजन थेट जमिनीत. घराचं बांधकाम त्यात फक्त सांगाडा डुलू नये एवढ्यापुरतं. घरगुती जागेत मी जवळजवळ नेहमी हेच सुचवते, कारण इथे मला घराच्या जुन्या ड्रॉइंगवर किंवा कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

गर्डरसाठी आयएसएमबी १५०, म्हणजे १५० मिलिमीटर उंचीचा आय-आकाराचा लोखंडी बीम, मीटरला साधारण पंधरा किलोचा. चारशे किलो, हॉइस्ट आणि झटका धरून ५२० किलो. गर्डरच्या स्वतःच्या वजनासह आघूर्ण ४ किलोन्यूटन-मीटर. सेक्शन मॉड्युलस ९६ घन सेंटिमीटरच्या जवळ, म्हणून ताण फक्त ४२ मेगापास्कल येतो. एवढा मोठा कशाला, असं फॅब्रिकेटरने विचारलं, आणि ताकदीपुरतं बघितलं तर त्यांचा प्रश्न रास्त होता. पण हॉइस्ट ज्या चाकांच्या ट्रॉलीला टांगतो, ती गर्डरच्या खालच्या फ्लँजवर, म्हणजे आडव्या पट्टीवर चालते. तिची चाकं बसायला पुरेशी रुंदी हवी, गर्डर आडवा पिळू नये, आणि जड वजन मध्यभागी असताना ट्रॉली उतारावर आल्यासारखी मध्याकडे घसरू नये. चारशे किलो शांत टांगल्यावर या गर्डरचा झोक, म्हणजे मध्यभागी खाली बसणं, हिशेबाने १.६ मिलिमीटर येत होता. ट्रॉली हाताने ढकलायची असल्याने मला तो कडकपणा हवाच होता.

खांब ८० बाय ८० चे, ४ मिलिमीटर जाडीचे चौकोनी पाइप. खाली १२ मिलिमीटरची बेस प्लेट, वर गर्डरच्या दोन्ही टोकांना नी-ब्रेस, म्हणजे खांब आणि गर्डर जोडणारे तिरपे आधार. दोन खांबांची चौकट आपल्या पातळीत नी-ब्रेसमुळे ताठ उभी राहते, पण त्या पातळीच्या आडव्या दिशेला तिला काहीच धरून नसतं. म्हणून वरच्या दोन्ही टोकांपासून आरसीसी बीमपर्यंत अँगलचे टाय, म्हणजे आडवे बांधणारे दुवे घेतले, बीमच्या उभ्या बाजूला केमिकल अँकरने, म्हणजे रेझिनने चिकटवलेल्या बोल्टने. त्यांच्यावर येणारा जोर थोडका, आडवा. वजनाचा एक किलोही घराच्या बीमवर नाही.

जमिनीचं काम सगळ्यांना फुकटचं वाटत होतं, आणि खरी लढाई तिथेच झाली. शहाबादी फरशीवर बेस प्लेट ठेवून चार फास्टनर मारले की खांब उभा राहतो, दिसायला पक्का दिसतो. पण फास्टनर फरशीच्या दीड इंच दगडात, खाली थोडा चुनखडीसारखा मसाला, त्याखाली जोत्यातली भर. ती भर किती दाबलेली आहे हे कुणालाच माहीत नसतं. आम्ही दोन्ही ठिकाणी फरशी काढली. भरीखाली चांगला मुरूम लागला. ४५० मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल खड्डा घेऊन एम-२० प्रतीच्या काँक्रीटमध्ये फाउंडेशन बोल्ट बसवले. एका खांबाखाली फार तर साडेपाचशे किलो येणार. त्या क्षेत्रफळावर हा भार मुरमाला किरकोळ आहे. फॅब्रिकेटरला दुसऱ्याच दिवशी खांब उभे करायचे होते. सात दिवस पाणी मारल्याशिवाय खांब नाही आणि अठ्ठावीस दिवसांआधी पूर्ण वजनाची चाचणी नाही, यावर मी अडून बसले. काकू मला साथ देत रोज सकाळी बादलीभर पाणी घालत होत्या. खांब बोल्टच्या नटांवर लेव्हल करून खाली नॉन-श्रिंक ग्राउट, म्हणजे वाळताना न आकसणारा मसाला भरला, गर्डर काकांनी स्वतःच्या मशीन लेव्हलने तपासला. ट्रॉली दोन्ही टोकांना अडवणारे अँगल बोल्टने कसले. ते नसतील तर ट्रॉली गर्डरवरून सरळ बाहेर पडते.

गर्डर कुठून कुठे, यात काकांची सूचना सगळ्यात चांगली ठरली. माझ्या डोक्यात लेथ आणि मिलिंग दोन्हींवर पोहोचणारी काहीतरी गुंतागुंतीची रचना होती. ते म्हणाले, "मिलिंगच सरकवू की फूटभर." मिलिंग मशीन सरकवलं आणि लेथच्या चकाचं केंद्र, मिलिंगच्या टेबलाचा मध्य आणि भिंतीलगतचा सरफेस प्लेटचा स्टँड असं तिन्ही एका रेषेत आलं. शटरपासून या रेषेपर्यंत माल चाकांच्या गाड्यावर येतो. हॉइस्टने सगळीकडे पोहोचायची गरज नसते. जे त्याच्या थेट खाली येतं तेच त्याने उचलायचं. तिरपं ओढायचं नाही. तिरप्या ओढीने दोर ड्रमच्या एका बाजूला ढीग करतो, दोर ओळीत बसवणारा गाइड तुटतो, आणि वजन उचललं जाताच झोपाळ्यासारखं अंगावर येतं.

उंचीचा हिशेब लोक विसरतात. स्लॅब २९०० मिलिमीटरवर. वर थोडी फट, मग गर्डर, म्हणून गर्डरचा तळ २६९० वर. ट्रॉली, हॉइस्ट, लिमिट स्विचचं (हुक टोकाला पोचला की मोटर बंद करणाऱ्या स्विचचं) वजन आणि हुक मिळून आणखी सहाशे गेले. हुकाची सगळ्यात वरची जागा २०९०. स्लिंगचे, म्हणजे वस्तूभोवतीच्या उचलपट्ट्यांचे तीनशे वजा केले की वस्तूला धरण्याची जागा १७९० मिलिमीटरवर. मिलिंगच्या टेबलावरचा व्हाइस ११०० पर्यंत येतो, त्यामुळे जमलं. आठ फुटी छताच्या पार्किंगमध्ये हाच हिशेब फसतो, आणि तिथे हॉइस्ट घेण्याआधी टेप घेऊन उभं राहावं.

आता वीज. पार्किंगमधला जुना पॉइंट वरच्या मजल्यावरून सुमारे पंचवीस मीटर फिरत आलेला, एक स्क्वेअर एमएमच्या वायरने. हा हॉइस्ट चालताना साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट. एक स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन पन्नास मीटरचा रोध ०.९ ओहम, पंचवीस अँपिअरला २२ व्होल्ट वायरमध्येच संपतात. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून २३० चे २०८ झाले की सुरुवातीचा टॉर्क ८२ टक्क्यांवर येतो. उन्हाळ्यात संध्याकाळी मुळातच व्होल्टेज कमी असेल तर आणखी खाली. त्याहून वाईट म्हणजे या हॉइस्टचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो. व्होल्टेज अपुरं पडलं की ब्रेक पूर्ण सुटत नाही, मोटर घासत चालते आणि तापते. मग "मशीन बोगस निघालं" अशी तक्रार होते, आणि दोष असतो वायरचा.

वायरमनने मीटरपासून वेगळी लाइन आणली: अडीच स्क्वेअर एमएम, तीन कोअर, १६ अँपिअरचा सॉकेट, मोटरच्या सुरुवातीच्या धक्क्याने न पडणारा सी टाइप एमसीबी आणि विजेची गळती होताच लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सगळं सामान विजेच्या सामानाच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून काकांनी स्वतः पारखून आणलं. अर्थिंग मोजून घेतलं, कारण ओल्या हाताने धरलं जाणारं पेंडंट, म्हणजे वायरला लोंबणारा बटणांचा डबा, थेट माणसाच्या मुठीत असतं. सॉकेट कुलपाच्या डब्यात आहे. घरात दोन नातवंडं आहेत आणि लोंबता हुक त्यांना बोलावतो.

ब्रेक स्प्रिंगचा असल्याचा एक फायदा पुणेकरांना लगेच कळेल. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती, वीज कधीही जाणार. वीज गेली की ब्रेक लागतो आणि वजन जागच्या जागी थांबतं. वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय काही हलत नाही. पण टांगलेलं वजन तसंच राहतं. म्हणून काकांनी वेगवेगळ्या उंचीचे सागवानी ठोकळे करून ठेवलेत. वीज गेली की वस्तूखाली ठोकळे रचायचे, ब्रेकशी खटपट करायची नाही. मुळात वस्तू बाकापासून दोन-तीन इंचच उचलायची, मग ठोकळ्यांचं कामही सोपं होतं.

चाचणीत काकांचा हात लागला. हॉइस्ट लावण्याआधी नुसता सांगाडा तपासायचा ठरला. एकाच्या ओळखीने एक टनाचा चेन पुली ब्लॉक (हाताने ओढायची साखळीची कप्पी) आणला, पाण्याचे दोन ड्रम आणि लोखंडी भंगार मिळून पाचशे किलो टांगले, म्हणजे चारशेच्या सव्वापट. ड्रमचं सोयीचं हे की पाणी पाइपने हळूहळू भरता येतं आणि काही कुरकुरलं तर तिथेच थांबता येतं. काकांनी वेगळ्या स्टँडवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, लावून गर्डरच्या तळाला टेकवला. हिशेबाने १.९ मिलिमीटर यायला हवा होता, नी-ब्रेसमुळे १.७ आला. वजन काढल्यावर काटा शून्यावर परतला. तो काटा परत येणं मला आकड्यापेक्षा महत्त्वाचं होतं, कारण त्याचा अर्थ बोल्ट, वेल्डिंग आणि जमीन कुठेच कायमची हललेली नाही.

मग हॉइस्ट. ड्रमवर दोर कारखान्यातून सैल गुंडाळलेला येतो. तो पूर्ण उलगडून, वीसेक किलो टांगून, वेटोळी शेजारी शेजारी बसवत पुन्हा गुंडाळला. खाली सोडताना ड्रमवर किमान तीन वेटोळी राहतात ना, ते बघितलं. दोराचं टोक ड्रमला धरणारा शेवटचा स्क्रू वजन पेलण्यासाठी नसतो, वेटोळ्यांची पकड ते पेलते. वरचा लिमिट स्विच आधी हाताने ढकलून, मग रिकामा हुक वर नेऊन तपासला, खालचाही. थ्री फेज हॉइस्टमध्ये फेज अदलाबदल झाली तर वर-खाली उलटतं आणि लिमिट निकामी होतो. सिंगल फेजमध्ये ती भीती नाही, तरी तपासणी चुकवायची नाही. शेवटी एका ड्रममध्ये १८० लिटर पाणी, ड्रमचे वीस किलो, असे बरोबर दोनशे उचलून, मध्येच थांबवून, ब्रेक घसरतो का ते पाहिलं. घसरला नाही.

स्लिंगच्या कोनावर काकांशी माझी थोडी चर्चा झाली. सरफेस प्लेट दोन पट्ट्यांनी उचलताना त्या जितक्या पसरट, तितका प्रत्येकीवर ताण जास्त. मधला कोन साठ अंश असेल तर प्रत्येक पट्टी वजनाच्या ५८ टक्के पेलते, नव्वदला ७१, आणि एकशेवीसला प्रत्येकीवर पूर्ण वजन. उंची कमी म्हणून काका पट्ट्या आखूड घेत होते. आता प्लेटसाठी वेगळा आडवा बीम केला आहे, पट्ट्या सरळ खाली उतरतात.

हॉइस्टच्या नेमप्लेटवर एस३ २० टक्के असं लिहिलेलं आहे, म्हणजे दहा मिनिटांत दोन मिनिटं चालवायचा. काकांची एक उचल दहा-बारा सेकंदांची, त्यांना हे पुरून उरतं. शेजारच्यांनी गच्चीवर सिमेंटची पोती चढवायला हॉइस्ट मागितला तेव्हा काकांनी तो दिला नाही, आणि ते योग्य केलं. पोत्यामागून पोतं चढवायला हा यंत्रप्रकार नाही, आणि गच्चीच्या कठड्याला तो टांगायची सोयही नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २९ नुसार कारखान्यातली उचलण्याची यंत्रं आणि दोर-साखळ्या वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासाव्या लागत. घरगुती वर्कशॉपला ते लागू नव्हतं, पण काकांनी गर्डरवर "एकेरी २०० किलो" असं रंगवून घेतलं आणि दिवाळीआधीची तपासणी स्वतःवर लावून घेतली. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या तपासणीत शटरकडून येणाऱ्या ओलीने हुकाजवळचा दोर किंचित गंजलेला दिसला. पुसून तेल दिलं. तार तुटलेली, पिळलेली किंवा फुगलेली दिसली तर मात्र तेल नाही, दोरच बदलायचा.

आता काकांना ट्रॉलीही विजेवर चालणारी हवी आहे. मी नको म्हणते. तीन मीटरच्या गर्डरवर शंभर किलो दोन बोटांनी सरकतात, आणि हाताने सरकवताना वजन कुठे झुकतंय ते हाताला कळतं. काकांना अजून पटलेलं नाही.